सावकाश हसू

आबा शहर, १४ मार्च २००५

उगोन्माताई,

बातमी पहिल्याच ओळीत फोडते, मला दम नाही. मास्तरांनी मला मशीनवर बसवलं! इतके महिने मी नुसत्या वायरी गुंडाळत होते, जनरेटरात तेल ओतत होते आणि "मॅडम डायरेक्टर, जरा झाडू मारा" हे पोरांचे टोमणे गिळत होते. आता झाडू त्यांच्या हातात.

एडिटिंग म्हणजे काय सांगू? टेप मशीनमध्ये उतरवली की पडद्यावर लांबच लांब पट्टी पसरते. नको तिथं कापायचं, हवं तिथं चिकटवायचं. मोठ्या कात्रीनं पहिल्यांदा कापड बेतल्यासारखं वाटतं बघ. पहिल्या दिवशी मी एका लग्नातली नवरीच कापून टाकली. नवरा आपला एकटाच हवेला केक भरवतोय! मास्तरांनी टाळक्यात मारली, पण नंतर स्वतःच हसत बसले.

ओक्वुदिली मास्तर म्हणतात, "लोकांना रडं लांब नको आणि नाच तोकडा नको. आणि प्रत्येक मोठ्या गोष्टीनंतर एक चेहरा दाखव. चेहरा नसला की बघणाऱ्याला कळत नाही आपल्याला काय वाटायला हवं." हे मी पाठच करून ठेवलंय.

आता खरी गोष्ट. एजिकेभाऊजींच्या दफनाच्या टेपा माझ्याकडे आल्यात. तुझ्या दिरानं, ओग्बोन्नायानं, भावकीत वाटायला डिस्का मागवल्यात. मास्तर म्हणाले, तुझ्या घरचं काम आहे, तूच कर. ताई, माझं पहिलं अख्खं काम, आणि ते तुझ्या नवऱ्याचं! वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला आनंद झाला. तुला काही सांगायचं असेल तर सिल्व्हानस ड्रायव्हरकडे चिठ्ठी दे, तो शनिवारी परत येतो.

तुझी,
अकुन्ना

---

उमुनकाला, १९ मार्च

अकुन्ना बाई,

झाडूवरून मशीनवर बसलीस, आनंद आहे. पण बाई, माझा नवरा मेला आणि तुला काम मिळालं, हे एका दमात लिहिताना जीभ नाही पण पेन तरी अडखळायचं होतं. असू दे. लहानपणापासून तू अशीच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता नीट वाच. या डिस्कवर माझं काय काय अवलंबून आहे ते तुला ठाऊक नाही.

भावकी बसणार आहे. विषय एकच, मी गिनिका आणि चिझीला घेऊन या घरात राहायचं की एकटीनं माहेरी जायचं. मला मुलगा नाही. दीर म्हणतो, घर भावानं बांधलं, भाऊ गेला की भावाचं, आणि पोरी तर आमच्याच रक्ताच्या. म्हणजे जायचं ते फक्त मी. न्वोकोरो आजोबा सगळ्यांत वडील, त्यांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, "बाई नवऱ्याला नीट रडली असेल तर ती इथली. तिला कुणी हात लावायचा नाही."

इथंच घोडं पेंड खातंय. मोठ्या वन्सं, उझोअमाका, सगळ्या माहेरवाशिणींना गोळा करून सांगत फिरतात की माझे डोळे कोरडे होते. आणि जी रडली नाही तिनंच नवऱ्याला खाल्लं, हे काय तुला मी सांगायला हवं?

कोरडे होते, खरंच होते! पहाटे कोंबड्याच्या आधी उठून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं रडायची रीत. मी ती पाळली, रोज पाळली, वन्सं उशाशी बसून "अजून मोठ्यानं" म्हणून ढोसत होत्या तरी पाळली. दफनाच्या दिवशी घशातून हवासुद्धा येईना. आणि तुमचा कॅमेरावाला उन्हं वर आल्यावर आरामात ओकपा खात खात आला. रडं संपल्यावर.

तरी मी दिवसभर जमिनीवर, मुंडलेल्या डोक्यानं, काळ्या लुगड्यात बसून होते. ते दिसेलच ना? जसं आहे तसं ठेव. मला नटवू नकोस, काही जोडू नकोस. मी जमिनीवर बसलेली दिसले तरी पुरे.

उगोन्मा

---

आबा, २ एप्रिल

ताई,

झालं! डिस्का दिरांकडे रवाना. मास्तरांनी अख्खी बघितली आणि एकदाही "कोणत्या गाढवानं कापलं हे?" असं ओरडले नाहीत. आमच्याकडे याला पदक समजतात.

सुरुवातीलाच भाऊजी नाचताहेत! ते कुठून आणलं विचार. चिझीच्या बारशाची जुनी टेप आमच्याच फळीवर सापडली. मुलींना बाबा दिसतील म्हणून घातलं. मग शवपेटी, मग जावयांची नाचणारी मंडळी, गाय, नोटा उधळणं. रडणं मी थोडंच ठेवलं. तुझं जमिनीवर बसणं फार लांब होतं गं, हलत नाहीस, बोलत नाहीस, बघणाऱ्याला वाटतं मशीन अडकलं. त्यातलं बरंच काढलं.

पण तुला विसरले नाही हं! शवपेटी खाली सोडतात तिथं मास्तर म्हणाले, "इथं विधवेचा चेहरा हवा." आता आली का पंचाईत? त्या वेळी तुझ्याभोवती सगळ्या माहेरवाशिणी, तुझी नुसती पाठ. सगळ्या टेपा उलटसुलट बघितल्या. शेवटी एकच चेहरा मिळाला, सकाळचा, ओसरीवरचा, पण काय चेहरा ताई! किंचित हसतेस. जेमतेम क्षणभर. मी तो अर्ध्या वेगानं केला, अगदी सावकाश, हळूहळू उमलतो तसा. वेग कमी करायची कळ मी मागच्याच आठवड्यात शिकले. पेटी खाली जाते, आणि मग तुझा चेहरा. बघणाऱ्याला वाटेल, हिला नवऱ्याचा केवढा अभिमान आहे!

तू म्हणालीस नटवू नकोस. पण विधवेनं काय नेहमी भुतासारखंच दिसायचं? बघ आणि लिही, मला वाट बघवत नाही.

तुझी डायरेक्टर,
अकुन्ना

---

उमुनकाला, १० एप्रिल

अकुन्ना,

बघितली.

दिरानं अंगणात टीव्ही मांडला, जनरेटर लावला, ताडी ठेवली, सगळी भावकी बोलावली. मला मागे, उंबऱ्याजवळ बसवलं. तुझे भाऊजी नाचताना दिसले तेव्हा चिझी टाळ्या वाजवायला लागली. मलाही एकदम भरून आलं. वाटलं, माझ्या बहिणीनं केवढं छान केलंय.

मग पेटी खाली गेली. आणि मी हसले.

सगळ्यांच्या समोर, नवऱ्यावर माती पडायच्या आधी, मी सावकाश हसले. वन्सं उठल्या, टीव्हीपाशी गेल्या, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "परत दाखव." दिरानं परत दाखवलं. "परत." पुन्हा दाखवलं. माझं तोंड त्या बोटाखाली उघडत होतं, मिटत होतं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोट भरलं का गं माझ्या भावाला खाऊन? ढेकर दे की!" बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "डोकं मुंडलं तरी दात घासून बसली होती बघ."

तो हसरा चेहरा कधीचा ते तुला ठाऊक नाही, मी सांगते. सकाळी गिनिकानं माझ्या डोक्याला फडकं बांधलं, वेडंवाकडं, कानावर गाठ मारून. आणि म्हणाली, "आई, आता थंडी वाजणार नाही." त्या लेकराकडे बघून मी हसले. तितकंच. तेवढंच एक अख्ख्या दिवसात.

बैठक पुढं ढकलली आहे. न्वोकोरो आजोबा म्हणाले, बाईला बोलू द्या. मी बोलले. म्हटलं, हे सकाळचं आहे, माझ्या बहिणीनं तिथं चिकटवलंय. त्यांनी विचारलं, चित्र चिकटवता येतं? जे झालं नाही ते दाखवता येतं? मी हो म्हटलं. त्यांना पटलं नाही. त्यांच्या दृष्टीनं कॅमेरा म्हणजे डोळा, आणि डोळा कसा खोटं बोलेल?

तू ये. मूळ टेप घेऊन ये आणि भावकीसमोर सांग की हे मी केलं. दुसरं कुणी हे सांगू शकत नाही. माझ्या मुली जातील, अकुन्ना. लगेच ये.

उगोन्मा

---

आबा, १९ एप्रिल

ताई,

वाचून काळजाचं पाणी झालं. दोन दिवस जेवले नाही. पण आपण जरा थंड डोक्यानं विचार करू या.

मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तू गावभर सांगणार की आम्ही दफनात चेहरे इकडचे तिकडे लावतो? उद्या कोण आपल्याला मयत देईल? गेलीस तर परत येऊ नकोस." ताई, त्यांनी मला आत्ता कुठे चर्चच्या मोठ्या महोत्सवाचं काम द्यायचं कबूल केलंय. इथं बाईला मशीन मिळणं म्हणजे काय, हे तुला गावात बसून नाही कळायचं. मी आत्ता उठले तर ही जागा दुसऱ्याच दिवशी भरेल.

आणि खरं सांगू? तूही थोडं हसलीसच ना. मी काही हवेतून नाही आणलं.

पण मी हात झटकणारी नाही. मी रात्रंदिवस बसून नवी डिस्क केलीय, या पत्रासोबत पाठवते. हसू काढून टाकलं. त्या जागी तू डोकं खाली घालून बसलेली, आणि मागे रडण्याचा आवाज. तुझा आवाज टेपेत नव्हताच, म्हणून दुसऱ्या एका दफनातल्या बाईचा घेतला. इतका काळीज चिरणारा आवाज आहे की माझे मास्तरसुद्धा थांबले. ओठ दिसत नाहीत, कुणाला काही कळणार नाही. दिरांना सांग, पहिल्या डिस्केत मशीन बिघडलं होतं, ही खरी.

माझं नाव मात्र घेऊ नकोस.

अकुन्ना

---

उमुनकाला, ४ मे

अकुन्ना,

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तू तर अंगणच उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलंस.

मी तुझी डिस्क आधी बघितली नाही. बघायला माझ्याकडे काय आहे? टीव्ही दिराकडे, जनरेटर दिराकडे. तुझ्यावर विसंबून मी ती स्वतःच्या हातानं न्वोकोरो आजोबांच्या हातात दिली. म्हटलं, ही खरी. तुझ्या सांगण्यावरून म्हटलं.

लावली. मी मान खाली घालून बसलेय, आणि आवाज आला. खरंच काळीज चिरणारा. क्षणभर बायकांनी पदर तोंडाला लावले. मग तो आवाज म्हणाला, "एझेउगो, मला कुणाच्या दारात टाकून गेलास?"

एझेउगो! ताईचा नवरा कोण, त्याला गाव कोणत्या नावानं हाक मारायचं, हे तुला ठाऊक नाही? ओमेलोरा म्हणत होते त्याला. जिवंतपणी म्हणत होते, मेल्यावर म्हणत होते, मी चार भिंतींना ऐकवलं ते नाव. रडताना बाई नवऱ्याला त्याच्या मानाच्या नावानं हाक मारते, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. तू चित्र बघत बसलीस, आवाज कानांनी ऐकलासच नाही.

मग वन्सं म्हणाल्या, "एझेउगो कोण गं? आधीचा खाल्लेला, की पुढं खायचाय तो?" त्यावर पुरुषसुद्धा हसले. दिरानं तर मांडी थोपटली. आता मला गावात नाव पडलंय. पाण्याला गेले की पोरं मागून ओरडतात, "एझेउगोची बायको!" बाजारात टोमॅटो विकणारीनं माझ्याकडून हात आखडून घेतला. म्हणाली, "आधी तुझं नाव साफ होऊ दे, मग ये."

आणि पहिली डिस्क रोज चालू आहे. पाहुणा आला की दीर लावतो. माझ्या मुली तिकडे पळतात, त्यांना नाचणारे बाबा बघायचे असतात. मी अडवलं तर चिझी माझा हात चावते. गिनिका तर शेवटपर्यंत बसते. किती वेळा बघितलं असेल तिनं, देव जाणे.

तू लिहिलंस, तूही थोडं हसलीसच. होय, हसले. माझ्या लेकीकडे बघून हसले. त्याचं तू काय केलंस ते बघ.

आता रडून लिहू नकोस, मशीनचं सांगू नकोस, मास्तरांचं सांगू नकोस. आपण एका आईचं दूध प्यायलो असू तर मूळ टेप घेऊन ये. बैठक तेवीस मेला आहे. नाही आलीस तर माझ्या मेल्याची डिस्क करायला तरी ये, चेहरा हवा तो लाव.

उगोन्मा

---

आबा, २३ मे, रात्री

ताई,

बसमधून उतरले आणि तशीच लिहायला बसलेय. तुझ्याशी धड बोलताही आलं नाही, शेवटची बस चुकली असती.

मी आले ना? सगळ्यांसमोर उभी राहिले ना? मास्तरांनी दार बंद केलं तरी आले. मूळ टेप आणली, आमचं छोटं यंत्र उचलून आणलं, सगळं लावून दाखवलं. सकाळची ओसरी, गिनिका फडकं बांधतेय, तू हसतेस, मागे भिंतीवर ऊन. दहा वेळा सांगितलं की हे मी कापलं, मी जोडलं, मी सावकाश केलं, ताईचा यात काडीचा दोष नाही.

तुझा दीर काय म्हणाला ते माझ्या कानात अजून वाजतंय. "ही बाई स्वतःच सांगते की ती जे नाही ते दाखवते. पहिल्यांदा हसू जोडलं म्हणते. दुसऱ्यांदा रडं जोडलं ते आपण पकडलं. मग आता तिसऱ्यांदा पोर आणि फडकं जोडलं नसेल कशावरून?" वन्संनी टेप जमिनीवर आपटली, पट्टी बाहेर आली, पोरांनी ती ओढत नेली. मी मागे धावले तर पोरं अजूनच पळाली.

पण ताई, धीर सोडू नकोस! मी निघता निघता न्वोकोरो आजोबा जे बोलले ते ऐकलंस ना? "यंत्र पुरे झालं. त्या दिवशी आईजवळ कोण होतं? पोरगी होती. उद्या सकाळी पोरीला विचारू. लेकरू आईबद्दल खोटं बोलत नाही." हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. गिनिका तिथं होती. तिनंच तर फडकं बांधलं. ती सांगेल आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील. एजिकेभाऊजींची पोर आहे ती, हुशार आहे.

मला खात्री आहे, तू हे वाचशील तेव्हा घर तुझं झालेलं असेल. मास्तरांचं बघते मी, पाया पडेन, काही तरी होईल. लगेच कळव.

अकुन्ना

---

आईच्या घरून, ५ जून

अकुन्ना,

विचारलं पोरीला.

सकाळी तिला मधे खुर्चीवर बसवलं. न्वोकोरो आजोबांनी आधी बिस्किटं दिली, नाव विचारलं, मांडीवर घेतलं. फार प्रेमानं विचारलं त्यांनी, कुणी धमकावलं नाही, दीरसुद्धा लांब उभा होता. मला बोलायची बंदी होती, पण मी तिच्याकडे बघत होते, तीही माझ्याकडे. म्हणाले, "बाळ, बाबांच्या दफनाच्या दिवशी आई हसली का?"

ती म्हणाली, "हो."

"केव्हा हसली?"

मला वाटलं आता सांगेल. ओसरी, फडकं, थंडी.

ती म्हणाली, "बाबा खाली गेले ना, तेव्हा."

आजोबांनी परत विचारलं, "तू स्वतः बघितलंस?" म्हणाली, "बघितलं. अशी हसली." आणि तिनं करून दाखवलं. मांडीवरून उतरली, मान खाली घातली, मग हळूहळू वर केली, आणि हसू हळूहळू ओठांवर आणलं. फार सावकाश. तू केलंस तितकंच सावकाश. माणूस इतकं सावकाश हसत नाही गं, अकुन्ना. तिथं बसलेल्या एवढ्या माणसांत कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मी ओरडले, "गिनिका, फडकं! फडकं कोणी बांधलं?" ती गोंधळली. आठवायचा प्रयत्न केला तिनं, मी बघितलं. मग म्हणाली, "ते डिस्कमध्ये नाहीये."

खोटं नाही बोलली माझी पोर. तिला तसंच आठवतंय.

आजोबांनी मान खाली घातली आणि काठी जमिनीवर ठेवली. काठी ठेवली की संपलं. मला एक पेटी बांधू दिली. वन्संनी पेटीतला एकेक कपडा झटकून बघितला, घरातलं काही नेतेय का म्हणून. मुली दिराच्या ओसरीवर होत्या. चिझी रडत होती, तिला आत नेलं. गिनिका आली फाटकापर्यंत. मी खाली बसले, तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. ती मागे सरकली आणि म्हणाली, "तू का हसलीस?"

मी सांगायला लागले, तर दिरानं तिला हाक मारली आणि ती गेली.

इथं आई रोज विचारते, मी उठून पाण्याला जाते. तुला पत्र लिहिते हेही तिला ठाऊक नाही. सिल्व्हानस सांगत होता, मास्तरांनी तुला परत घेतलं. चांगलं झालं. तो म्हणत होता, आता तुझा हात बसलाय.

उगोन्मा